गिळता येईल असे घरचे अन्न

आमचे निपाणी गाव तंबाखूवर वाढले. वखारी, विड्यांचे कारखाने, हवेतला जर्द्याचा वास आणि १९८१ साली भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून केलेले आंदोलन, हे सारे या स्मरणिकेच्या वाचकांना नवीन नाही. ज्या तंबाखूने येथील पुष्कळ घरांत चूल पेटविली, तीच भाजून केलेली मिसरी आमच्या आधीच्या पिढीतील बायकांच्या दातांना रोज सकाळी लागत आली. आमच्या फुफी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भगिनी, यांनीही लग्नाआधीपासून मिसरी लावली. जोडीला पान-सुपारी होतीच. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. परंतु तो आमच्या घरापर्यंत पोहोचला तेव्हा फार उशीर झाला होता. २०२२ च्या पावसाळ्यात फुफींच्या गालाच्या आतल्या बाजूस न भरणारी जखम दिसली. शस्त्रक्रिया झाली आणि पाठोपाठ साडेसहा आठवड्यांचे किरणोपचार ठरले.

उपचारांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही शाळेत विज्ञान शिकवितो, वैद्यक नव्हे. परंतु त्या साडेसहा आठवड्यांत आणि नंतरच्या चार महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात जो अभ्यास घडला, तो ट्रस्टच्या सभासदांपुढे मांडावा असे आम्हांला वाटते. कारण असा आजारी आज आपल्या पुष्कळ घरांत आहे, आणि घरची मंडळी त्याला प्रेमाने जे भरवितात ते त्याला पुरत नाही, हे आम्ही स्वतःच्या घरी पाहिले आहे.

किरणोपचारांचे पहिले दहा-बारा दिवस बरे जातात. त्यानंतर तोंड सोलवटू लागते, आतून लाल होते, फोड येतात. लाळ आधी चिकट होते, पुढे आटते. जिभेची चव जाते किंवा विचित्र होते. फुफींना साधे पाणी कडू लागे आणि स्टीलच्या चमच्याने खाल्ले की लोखंड चाटल्यासारखे वाटे. त्यांचा जबडाही नीट उघडेना. तिसऱ्या आठवड्यात भाकरीचा विषयच संपला. तेव्हा घरात जी धावपळ झाली ती अशी: अम्मी दिवसातून चार वेळा तांदळाची पेज करीत, भाभी नारळपाणी आणीत, चुलतभावाने पायाचे सूप शिजवून घेतले, आणि भेटीला येणारा प्रत्येक जण मोसंबी घेऊन येई. मोसंबीचा रस जखमेवर पडला की फुफींच्या डोळ्यांत पाणी येई, तरी कोणाचे मन मोडायचे नाही म्हणून त्या दोन घोट घेत. तीन आठवड्यांत त्यांचे वजन ५२ किलोंवरून ४७ वर आले. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की वजन असेच उतरत गेले तर उपचार मध्येच थांबवावे लागतील, आणि थांबलेल्या उपचाराचा उपयोग कमी होतो.

त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शिक्षकाला दुसरे काय सुचणार! वाटीभर पातळ पेजेत कोरडा तांदूळ असतो जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे ५० कॅलरी. चार वाट्यांच्या झाल्या २००. पेलाभर नारळपाण्याच्या ४० धरा. रसाचे दोन घोट धरलेच तर १५. पायाच्या सुपाला आपल्याकडे फार मान आहे, आणि त्याने हाडांत बळ येते अशी समजूत आहे. पण निथळ सुपात उतरते ते मुख्यतः पाणी, मीठ, थोडी चरबी आणि सरस. सरसाचे प्रथिन अपुऱ्या जातीचे असते, त्यावर स्नायू भरून येत नाहीत. सगळे मिळून दिवसाला ४०० कॅलरी काही होत नव्हत्या. कर्करोगाच्या आजाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात, असा आहारतज्ज्ञांचा हिशेब आहे. पन्नास किलोंच्या बाईला हे १२५० ते १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने झाले. आम्ही सगळे मिळून, दिवसभर राबून, फुफींना एक-तृतीयांश पोटावर ठेवीत होतो.

तेव्हा ठरले की पातळ पाण्याच्या वस्तू बाजूला ठेवायच्या आणि घरात जे शिजते तेच दाट, गुळगुळीत करून द्यायचे. ठरविणे सोपे होते. पहिल्या दिवशी आम्ही भात, आमटी, दुधी भोपळा आणि चिकनचे दोन तुकडे एकाच भांड्यात घालून मिक्सरमधून फिरविले. करड्या रंगाचा एक लगदा निघाला. फुफींनी वाटीत पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि तोंड दुखत असतानाही हळूच विचारले, “बेटा, हे आंबोण कुणाच्या म्हशीसाठी?”

त्यांनी ते खाल्ले नाही. आम्हांला प्रथम राग आला, मग लाज वाटली. ज्या बाईने आयुष्यभर पंचवीस माणसांचा खिचडा एकटीने घोटला, तिच्यापुढे आम्ही नाव-गाव नसलेला पदार्थ ठेवला होता. त्या दिवसापासून घरात नियम झाला: दोन पदार्थ एकत्र वाटायचे नाहीत. वरण पिवळे राहील, पालक हिरवा राहील, गाजर केशरी राहील, प्रत्येकाची वाटी वेगळी. आणि वाटी समोर ठेवताना पदार्थाचे नाव सांगायचे. नाव कळले की जीभ निम्मी चव आठवणीतून काढते, असे आमचे मत झाले आहे.

आता थोडे गिळण्याच्या क्रियेविषयी. ते समजले नाही तर पुढचे सारे अंदाजपंचे होते. घास प्रथम तोंडात लाळेने एकजीव होतो, जीभ त्याला मागे ढकलते, घशात आला की श्वासनलिकेवर झाकण पडते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. घशातली ही अदलाबदल एखाद्या सेकंदात होते. जखमी किंवा सुजलेल्या घशात झाकण उशिरा पडते. पाणी पातळ, ते झाकण पडण्याआधीच श्वासनलिकेकडे धावते. म्हणून पुष्कळ आजाऱ्यांना घट्टसर अन्नापेक्षा पाणीच जड जाते. फुफींना सूप पिताना ठसका लागे, तो याचमुळे. उलट अन्न फार चिकट असेल तर ते टाळूला आणि घशाला धरून बसते. मधली जागा शोधावी लागते.

ही मधली जागा मोजण्याची पद्धत आता ठरलेली आहे. २०१३ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन गिळण्याच्या त्रासासाठी अन्न व पेये यांच्या ० ते ७ अशा पायऱ्या आखण्याचे काम हाती घेतले. त्यात वाटलेले, चावावे न लागणारे अन्न चौथ्या पायरीवर येते आणि त्याहून पातळ, पिण्याजोगे अन्न तिसरीवर. आजाऱ्याला कोणती पायरी द्यायची हे रुग्णालयातील गिळण्याच्या उपचारांचे तज्ज्ञ तपासून सांगतात. ते घरी ठरवू नये. फुफींना चौथी सांगितली होती. तिची परीक्षा कोणत्याही स्वयंपाकघरात करता येते. चमच्यात घेतलेल्या अन्नाने आपला आकार धरला पाहिजे. चमचा कलता केला की ते एका घासाने, सबंध, खाली पडले पाहिजे आणि चमच्याला फारसे काही चिकटून राहता कामा नये. काट्याच्या चमच्यावर घेतले तर वर ढीग राहावा, दात्यांतून खाली एखादी लहानशी शेपटी लोंबली तर चालते, पण धार लागता कामा नये. गुठळी नको, साल नको, बी नको, आणि वाटीत कडेने पाणी सुटलेले नको. आमच्या नववीतल्या भाच्याला ही परीक्षा इतकी आवडली की प्रत्येक वाटीचा निकाल तोच जाहीर करू लागला. पहिल्या आठवड्यात नापासच जास्त झाले.

भात पहिल्यांदा नापास झाला. गरम असताना मिक्सरमधून तो सुरेख मऊ निघे, आणि दहा मिनिटांत थंड होऊन खळीसारखा घट्ट बसे. बटाट्याचे त्याहून वाईट; तो मिक्सरमध्ये फार फिरला की त्यातले पीठ सुटून डिंकासारखी तार येते. बटाटा हाताने चाळणीवर घासून काढावा, मिक्सरमध्ये घालूच नये. भातासाठी उपाय सापडला तो खिचडीचा: तांदूळ आणि मूगडाळ समसमान घेऊन, चौपट-पाचपट पाण्यात पार विरघळेपर्यंत शिजवायचे, गरम असतानाच तूप घालून वाटायचे, आणि खायला देताना कोमट दूध किंवा डाळीचे पाणी घालून पुन्हा सैल करायचे. तुपाने चिकटपणा मोडतो. शिवाय प्रत्येक लहान चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात, हा फायदा वेगळाच.

मिक्सरविषयी एक इशारा. उकळती डाळ भांडे भरून मिक्सरला लावू नये. आम्ही लावली. वाफेने झाकण उडाले, डाळ छताला लागली आणि भाभींच्या मनगटावर फोड आला. भांडे निम्म्याहून कमी भरावे, अन्न थोडे निवू द्यावे आणि झाकणावर जाड फडके धरावे. वाटून झाल्यावर बारीक गाळणीतून ते डावाने दाबून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. चण्याच्या डाळीचे साल, टोमॅटोची बी, आंब्याचा रेषा, कोथिंबिरीचे पान ही धडधाकट माणसाला जाणवतही नाहीत. सोललेल्या घशाला ती काट्यासारखी टोचतात.

मग चवीचे काय? तिखट बंद, आंबट बंद, मोहरी-जिरे-कढीपत्ता दाताखाली यायला नको. येथे फुफींनीच मार्ग दाखविला. त्या म्हणाल्या, “फोडणी तुपात करा आणि तूप गाळून घ्या.” तूप तापवून त्यात जिरे, दालचिनी, वेलची, हवा तर लसणाचा ठेचलेला तुकडा मंद आचेवर पाच मिनिटे ठेवायचा, मग तूप गाळून फक्त तेवढेच वाटलेल्या वरणावर घालायचे. वास सगळा तुपात उतरतो, चोथा मागे राहतो. आम्ही ही गोष्ट शेजारच्या काकूंना सांगितली, कारण त्यांच्या यजमानांना अन्ननलिकेचा तोच आजार होता. त्यांनी हिंग-जिऱ्याचे तूप करून मुगाच्या कढणावर घातले, आणि काकांनी महिन्याने प्रथमच अर्धी वाटी मागून घेतली, असे त्या सांगतात.

आता खिचड्याविषयी सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त खटपट त्याचीच झाली. सडलेला गहू, डाळी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेला खिचडा आमच्याकडे मोहरममध्ये होतो आणि पाहुणे आले तरी होतो. तो मुळातच घोटलेला, तेव्हा आजाऱ्याला सर्वांत सोपा, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात तो चमच्याच्या परीक्षेत साफ नापास झाला, कारण चमचा उलटा केला तरी पडेना. गव्हात जो ताणणारा अंश असतो, त्याने खिचड्याला लेस येतो. जाणकार त्या लेसावरच खिचड्याची परीक्षा करतात. आणि नेमका तोच आजाऱ्याच्या घशात अडकतो. दोन वेळा करून पाहिल्यावर प्रमाण बसले ते असे. रात्रभर भिजविलेला सडलेला गहू एक वाटी, मूगडाळ एक वाटी, मसूरडाळ अर्धी वाटी, बिनहाडाचे कोवळे मटण पाव किलो. चण्याची डाळ वगळली. गहू आणि मटण आले-लसूण, हळद, दालचिनी घालून कुकरमध्ये आधी शिजवायचे, मटण बोटाने दाबले की धागा-धागा सुटेपर्यंत. डाळी वेगळ्या शिजवून मग मिसळायच्या. दालचिनी वेचून काढायची. बिनहाडाचे म्हणून आणलेल्या मटणातही हाडाची कपची असू शकते, म्हणून मिक्सरमध्ये घालण्यापूर्वी ते हाताने चाचपून पाहायचे; हे काम अम्मी दुसऱ्या कोणाला देत नसत. मटणाचे पाणी घालीत तीन-चार मिनिटे वाटायचे, मध्ये मिक्सरला विसावा द्यायचा, गाळायचे, आणि शेवटी गाळीव तूप. इतक्या ऐवजात लहान वाटीच्या आठ वाट्या होतात. एका वाटीत सुमारे १० ते १२ ग्रॅम प्रथिने पडतात.

महत्त्वाचे असे की ह्याच भांड्यातून फुफींचा वाटा काढून झाल्यावर उरलेल्यात तिखट आणि तळलेला कांदा घालून घरच्या इतर मंडळींचा खिचडा होई. त्यांच्यासाठी वेगळी चूल मांडली नाही. जेवणाच्या वेळी दस्तरखानावर सर्वांच्या पुढे एकच पदार्थ असे. त्यांचा जरा सैल, आमचा जरा तिखट. पहिल्या दिवशी त्या बराच वेळ वाटीकडे पाहत बसल्या. मग खाल्ले. अर्धीच वाटी खाल्ली, पण दुसऱ्यांदा मागितली ती दोन तासांनी.

भाकरीची गोष्ट मात्र वेगळी झाली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला भाकरी नाही म्हणजे जेवण नाही. दुधात कुस्करून, भिजवून, वाटून पाहिली; कितीही वाटली तरी रवाळच राहिली. शेवटी भाकरीचा नाद सोडला आणि ज्वारीचे पीठ तव्यावर खरपूस भाजून, थंड दुधात कालवून, मंद आचेवर ढवळीत आंबिलीसारखे शिजविले. ताक घातले नाही, कारण आंबट झोंबते. भाजलेल्या पिठाला भाकरीचा वास येतो. फुफी म्हणाल्या, “भाकरी नाही, पण भाकरीच्या घरची आहे.” नाचणीचे पीठही असेच करता येते आणि ते अधिक मऊ होते. ही दोन्ही निवली की आवळून बसतात, हे ध्यानात ठेवावे.

शीरखुर्म्यात फारशी अडचण आली नाही. बी काढलेला खजूर आणि बदाम रात्री भिजत घालायचे, बदाम सोलायचे, दोन्ही गंधासारखी वाटायची. शेवया दुधात अगदी विरेपर्यंत शिजवून सगळे एकत्र फिरवायचे आणि गाळायचे. चारोळी, पिस्ते वगळावे. बेळगावहून कोणी कुंदा आणला तर तोही कोमट दुधात घोटून चालतो. अंड्याचा कस्टर्ड, चक्का आणि पिकलेले केळे, उकडलेल्या सफरचंदाचा गर, पनीर दुधात वाटून, ही सर्व सोपी आहेत. त्यांच्यासाठी कृती देत नाही. अंडे कच्चे वापरू नये एवढे मात्र सांगितले पाहिजे.

दिवसाचा हिशेब पुढे असा बसला. सकाळी दूध-गूळ-तूप घातलेली नाचणी, दहाला एका अंड्याचा कस्टर्ड, दुपारी खिचडा किंवा कोंबडी घातलेली खिचडी, चारला चक्क्यात केळे, सात वाजता मूगडाळ-तांदळाची खिचडी, आणि निजण्यापूर्वी बदामाची पूड व दोन मोठे चमचे दुधाची भुकटी घालून दाट केलेले दूध. वाटी लहान, पण वेळा सहा. यांतून सुमारे १५०० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिने होतात. दुधाच्या भुकटीला आम्ही पूर्वी नाक मुरडीत असू. आता सांगतो की घट्टपणा न बिघडविता प्रथिने वाढविणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. रोज सगळे पोटात गेले असे नव्हे. काही दिवशी निम्मेच गेले. शेवटच्या आठवड्यात दोन दिवस जवळपास काहीच गेले नाही, आणि त्या दोन दिवसांत घरातले कोणीच नीट जेवले नाही.

भरविण्याची रीतही शिकावी लागली. आजाऱ्याला पाठ सरळ ठेवून बसवावे; लोडाला टेकून अर्धवट निजल्या अवस्थेत भरवू नये. चमचा लहान, चहाचा. एक घास पूर्ण उतरल्याखेरीज दुसरा नाही, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसूनच राहावे. अन्न कोमट किंवा गार असावे, गरम नको. जेवणापूर्वी रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने चूळ भरली की तोंड जरा हलके होते. स्टीलऐवजी काचेची वाटी आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा दिला तर लोखंडाची चव कमी लागते. खाताना ठसका येऊ लागला, आवाज ओला-घरघरता झाला, किंवा ताप आला तर वाट पाहू नये. अन्न श्वासनलिकेत जात असल्याची ती खूण असू शकते. लगेच डॉक्टरांना कळवावे.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. खाऊन उरलेल्या वाटीतले अन्न काही वेळाने पाण्यासारखे पातळ झालेले आम्हांला आढळे, आणि भाभी म्हणत की दूध नासले. नासले नव्हते. लाळेत पिष्ट विरघळविणारा एक रस असतो, तो चमच्याबरोबर वाटीत उतरतो आणि आपले काम तेथेच सुरू करतो. सातवीच्या वर्गात बिस्किट चघळायला लावून आम्ही जे दाखवितो, तेच. म्हणून मोठ्या भांड्यात तोंडचा चमचा बुडवू नये. लहान वाटीत काढून घ्यावे आणि उरलेले टाकून द्यावे. उपचारांत शरीराची प्रतिकारशक्ती घटते, त्यामुळे स्वच्छतेच्या दृष्टीनेही हेच योग्य. शिजविलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक बाहेर ठेवू नये. जास्तीचे लहान डब्यांत गोठवून ठेवता येते, पण पुन्हा तापविताना ते चांगले वाफाळले पाहिजे, मग निववून द्यावे, आणि एकदा तापविलेले परत ठेवू नये. मिक्सरच्या झाकणाची रबरी कडी काढून धुवावी. तिच्याखाली काय साठते ते एकदा पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

आता भेटीला येणाऱ्या मंडळींविषयी दोन शब्द, रागाने नव्हे. कोणी सांगितले साखर बंद करा, साखरेवर गाठ वाढते. कोणी दूध बंद करविले, कोणी मांस, कोणी गव्हांकुराच्या रसावर ठेवा म्हणाले. सर्वांचे ऐकले असते तर फुफींना हवेवर ठेवावे लागले असते. आम्ही आहारतज्ज्ञांना विचारले. त्यांचे उत्तर असे की अन्न तोडल्याने गाठ उपाशी मरते याला पुरावा नाही. आधी आजाऱ्याचे स्नायू झिजतात आणि तोच कोसळतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट निराळी. तेथे आमचे वरचे प्रमाण जसेच्या तसे उचलू नये, विचारून बदलावे.

पुढचा रमजान उपचार संपल्यानंतर आला. फुफींनी रोजा धरण्याचा हट्ट घेतला. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे त्यांना आमच्याहून चांगले माहीत. पण साठ वर्षांची सवय. अखेर अब्बांनी समजूत घातली. त्या दिवसा आपली वाटी खात आणि संध्याकाळी इफ्तारीला सर्वांबरोबर बसून वाटलेल्या खजुराचा एक चमचा घेत. एवढ्यावर तडजोड झाली.

नाकातल्या नळीविषयी मात्र आम्ही चुकलो, ते लिहून ठेवितो. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी नळी घालण्याचे सुचविले तेव्हा आम्ही नको म्हणालो. आमच्या वाट्यांचा आम्हांला अभिमान झाला होता. आठवडाभराने वजन आणखी दीड किलो उतरल्यावर मान्य केले. सोळा दिवस नळी होती. त्या सोळा दिवसांतच त्यांचे वजन थांबले आणि उपचार न खंडता पुरे झाले. नळी असतानाही तज्ज्ञांच्या परवानगीने आम्ही दिवसातून दोनदा चार-पाच चमचे तोंडाने देत राहिलो, कारण वापर थांबला की गिळण्याचे स्नायू दुबळे होतात. घरी वाटलेले अन्न नळीतून मात्र घालू नये. नळी तुंबते. तिच्यासाठी काय द्यायचे ते रुग्णालयच सांगते.

ट्रस्टला एक विनंती आहे. आपल्याकडे गरजूंना वापरायला देण्यासाठी खाटा आणि चाकाच्या खुर्च्या आहेत. त्यांत दोन दणकट मिक्सर, चार बारीक गाळण्या आणि एक वजनकाटा घालावा. साधा मिक्सर मटणाला दमतो, आमचा तर जळलाच. आणि आधीच उपचारांनी मोडलेल्या घराला नवा घेणे परवडत नाही. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी, आजाऱ्याचे वजन करून वहीत मांडावे. आमच्या वहीचे पान कोणाला पाहावयाचे असेल तर शाळा सुटल्यावर जरूर यावे.

फुफींचे वजन आज ५० किलो आहे. मिसरीची डबी त्यांनी स्वतःच्या हाताने नाल्यात टाकली. तोंड अजून दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. मऊ भात, मासळीचा गर, शिजून मेण झालेली भाजी मिक्सरशिवाय चालते, भाकरी नाही. खिचडा मात्र त्यांचा अजूनही गाळलेलाच लागतो. गेल्या मोहरममध्ये पहिला चमचा तोंडात घालून त्यांनी भाभींना हाक मारली आणि मीठ कमी पडल्याचे सांगितले. चव परत आली हे आम्हांला त्या दिवशी कळले. भाभी मात्र दोन दिवस रुसल्या होत्या.